अजून न लिहिलेल्या कोडला मारलेली हाक

२०२४ च्या खरिपात केंद्र सरकारनं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरवला होता. खुल्या बाजारातला भाव त्याच्या खाली होता, म्हणून शेतकरी हमीभाव खरेदी केंद्रांकडे वळले. तिथं एक अट आडवी आली. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. काढणीच्या दिवसांत पाऊस लांबलेला, माल वाळलेला नाही, आणि यंत्र १३-१४ दाखवतंय. मराठवाडाभर ओरड झाली. शेवटी नोव्हेंबरमध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. शेतकऱ्याला हमीभाव पूर्ण द्यायचा आणि जादा ओलाव्याचा बोजा राज्यांनी उचलायचा, असंही ठरलं.

बातमी म्हणून हे एका ओळीचं काम : १२ चे १५ झाले. पण समजा, खरेदीचा हिशोब ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर आहे आणि ते तुमच्या हातात आहे. हा १२ चा आकडा त्यात किती ठिकाणी लिहिलेला असेल?

नवशिक्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो सगळीकडे पसरलेला असतो. माल उतरवून घेताना लिहिलेलं असतं, ‘सोयाबीन असेल तर १२, तूर असेल तर अमुक, हरभरा असेल तर तमुक.’ नमुना तपासताना पुन्हा तीच यादी. पट्टी काढताना पुन्हा, महिन्याचा अहवाल काढताना पुन्हा. नियम बदलला की या सगळ्या याद्या हुडकत बसायचं. त्यातली एक जरी सुटली, तर यंत्रावर पास झालेला माल पट्टीच्या वेळी नापास होतो आणि शेतकरी खिडकीशी भांडत राहतो. त्यात पुढच्या वर्षी नवीन पीक आलं, तर प्रत्येक यादीला आणखी एक ‘नाहीतर’ चिकटवायचा.

या गुंत्यावर संगणकशास्त्रानं शोधलेला एक देखणा उपाय म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट बेस क्लास. पदविका असो, बीसीए असो की अभियांत्रिकी, नांदेड-लातूरच्या कॉलेजांमध्ये तो शिकवला जातो. ‘ॲब्स्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतला फरक लिहा’ हा प्रश्न मुलं डाव्या-उजव्या रकान्यांसकट पाठ करतात. त्या रकान्यांमागे केवढी चमत्कारिक कल्पना दडलेली आहे, हे मात्र पुष्कळदा सांगायचं राहून जातं.

कुणीही न विकलेली वस्तू

नांदेडच्या नव्या मोंढ्यात जा किंवा लातूरच्या आडत बाजारात, कामाचा क्रम एकच दिसेल. माल येतो, नमुना निघतो, प्रत ठरते, सौदा होतो, काटा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. कट्ट्यात काय आहे यावर हा क्रम अवलंबून नाही. बदलतात ते तपशील : ओलावा किती चालतो, प्रत कशावर ठरते, दर काय. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय ऑनलाइन बाजाराची मांडणीही अशीच आहे. गेटवरच्या नोंदीपासून पैसे मिळेपर्यंतच्या पायऱ्या समान आणि गुणवत्तेचे निकष शेतमालागणिक वेगळे.

आता एक गंमत बघा. मोंढ्यात आजवर कुणीही ‘शेतमाल’ विकलेला नाही. विकलं गेलं ते सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. नुसता शेतमाल काट्यावर ठेवता येत नाही, त्याचा ओलावा मोजता येत नाही. तरीही बाजार समितीचे सगळे नियम शेतमालाबद्दलच असतात. म्हणजे जी वस्तू प्रत्यक्षात नाही, तिच्याविषयी आपण अगदी काटेकोर नियम करतो आणि ते उत्तम चालतात.

ॲब्स्ट्रॅक्ट बेस क्लास म्हणजे नेमकी हीच गोष्ट कोडमध्ये उतरवणं. मराठीत मांडायचं तर असं :

ॲब्स्ट्रॅक्ट क्लास शेतमाल
– रिकामी मेथड : ओलावा_मर्यादा
– रिकामी मेथड : प्रत (नमुना)
– रिकामी मेथड : हमीभाव
– भरलेली मेथड : खरेदी (नमुना, वजन)

मेथड म्हणजे क्लासला नेमून दिलेलं एक काम. पहिल्या तीन मेथडना फक्त नाव आहे, आत काहीही नाही. चौथी मात्र पूर्ण लिहिलेली आहे. ती म्हणते : नमुन्याचा ओलावा ‘ओलावा_मर्यादा’पेक्षा जास्त असेल तर माल परत करा. नसेल तर ‘प्रत’ विचारा, ‘हमीभाव’ विचारा, वजनानं गुणा आणि पट्टी काढा.

मग सोयाबीन नावाचा क्लास शेतमालापासून निघतो आणि तीन रिकाम्या जागा भरतो : मर्यादा १२, प्रत ठरवायची रीत, हमीभाव ४,८९२. तूर आपल्या तीन जागा भरते, तिचा त्या हंगामाचा हमीभाव ७,५५०. खरेदीची मेथड दोघांनाही वडिलोपार्जित मिळते. ती पुन्हा लिहावी लागत नाही.

आता नोव्हेंबरचा आदेश येतो. १४ टक्के ओलाव्याचं २० क्विंटल सोयाबीन सकाळी परत जात होतं. सोयाबीनच्या क्लासमध्ये एका ठिकाणी १२ चे १५ केले, की दुपारी तोच माल स्वीकारला जातो आणि ९७,८४० रुपयांची पट्टी निघते. तुरीच्या क्लासला कुणी हात लावला नाही. खरेदीच्या मेथडला तर काही घडलं याचा पत्ताही नाही.

जुनं नव्याला बोलावतं

सोय म्हणून हे चांगलंच आहे. पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे.

आपण प्रोग्रॅम लिहितो तेव्हा साधारणपणे नवा कोड जुन्याला बोलावतो. वर्गमूळ काढायचं तर कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेलं फंक्शन वापरतो. प्रवाह नेहमी त्याच दिशेनं वाहतो, कारण जे अजून जन्मालाच आलेलं नाही त्याला हाक कशी मारणार?

खरेदीची मेथड मात्र हेच करते. ती लिहिली तेव्हा फक्त सोयाबीन आणि तूर होती असं धरा. पाच वर्षांनी कुणीतरी करडईचा क्लास लिहितं. तोवर मूळ लेखक नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो, त्याच्या फाइलला कुणी हात लावलेला नसतो. तरी ती जुनी मेथड करडईची मर्यादा बरोबर विचारते आणि बरोबर उत्तर मिळवते. पाच वर्षांपूर्वीचा कोड आज लिहिलेल्या कोडला हाक मारतो, आणि ओ येते.

हे घडतं कसं, तेही पाहू, कारण यंत्रणा अगदी साधी आहे. सी प्लस प्लस भाषेचे कंपायलर बहुधा अशा प्रत्येक क्लासमागे एक छोटा तक्ता तयार करतात. त्यात ओळीनं घरं असतात आणि प्रत्येक घरात एका मेथडचा पत्ता, म्हणजे ती मेथड मेमरीत कुठे आहे तो आकडा. शेतमालाच्या घराण्यात पहिलं घर ओलाव्याचं ठरलं, की ते सोयाबीनच्या तक्त्यातही पहिलं असतं आणि करडईच्याही. प्रत्येक ऑब्जेक्टच्या, म्हणजे क्लासवरून बनवलेल्या प्रत्यक्ष वस्तूच्या, पोटात आपल्या तक्त्याकडे बोट दाखवणारा एक छुपा पॉइंटर असतो, ६४ बिटांच्या संगणकावर अवघ्या ८ बाइटचा. खरेदीच्या मेथडला एवढंच ठाऊक असतं : समोर जे काही आलंय त्याच्या तक्त्याकडे जा, पहिल्या घरातला पत्ता उचल, तिथं उडी मार. समोर कोण आहे हे तिला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. हाक माणसाला नसते, घराच्या क्रमांकाला असते.

मग खुद्द शेतमालाच्या तक्त्यात त्या घरात काय असतं? तिथं भरायला मेथडच नाही. नेहमीचे कंपायलर अशा जागी स्वतःचं एक राखणदार फंक्शन बसवतात. चुकून कुणी तिथवर पोचलंच, तर ते ‘इथं काही नाही’ असा संदेश देऊन प्रोग्रॅम थांबवतं. कोरी जागासुद्धा पहाऱ्याशिवाय सोडलेली नसते.

ओस्लोपासून पायथनपर्यंत

ही कल्पना नॉर्वेत जन्मली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे १९६० च्या दशकात खऱ्या जगातल्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करायची भाषा घडवत होते. रांगा, खोळंबे, वाहतूक असल्या गोष्टी. त्यातून ‘सिम्युला ६७’ उभी राहिली. क्लास, त्यापासून निघणारे उपक्लास आणि पुढे कुणीतरी भरेल अशा भरवशावर सोडलेल्या ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजर, हे सगळं तिच्यात होतं. या कामासाठी दोघांना २००१ सालचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतरानं दोघेही गेले.

सिम्युलाचा ठसा घेऊन ब्यार्न स्ट्रोस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये जे काम सुरू केलं, त्याचं पुढे सी प्लस प्लस झालं. ‘ही मेथड मुद्दाम रिकामी आहे, उपक्लासनं भरलीच पाहिजे’ असं सक्तीनं सांगायची सोय तिच्यात १९८९ च्या २.० आवृत्तीत आली. मेथडच्या पुढे ‘बरोबर शून्य’ असं चिन्ह लिहायचं. अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना कोड्यात पाडणाऱ्या या चिन्हामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. भाषेत नवा राखीव शब्द घालायचा म्हटलं तर त्या वेळी तो कुणी मान्य करणार नाही, असा अंदाज स्ट्रोस्ट्रुप यांनी बांधला आणि असलेल्याच चिन्हांवर भागवलं. जावा आली तेव्हा तिनं सरळ ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्दच ठेवला.

पायथनची गोष्ट वेगळी. ती भाषा स्वभावानं मोकळीढाकळी. समोरची वस्तू मागितलेलं काम करते ना, मग तिचं कूळ कशाला विचारायचं, ही तिची वृत्ती. तिथंही २००७ मध्ये गिडो व्हॅन रॉसम आणि टॅलिन यांनी ‘पेप ३११९’ नावाचा प्रस्ताव मांडला आणि २००८ च्या आवृत्त्यांमध्ये ॲब्स्ट्रॅक्ट बेस क्लास दाखल झाले.

पायथन पहारा कधी बसवते, हे बघण्यासारखं आहे. क्लास तयार होताना ती कोणकोणत्या मेथड अजून रिकाम्या आहेत याची यादी करून क्लासपाशी ठेवते. त्या वेळी ती तक्रार करत नाही, कारण शेतमाल आणि तूर यांच्यामध्ये ‘कडधान्य’ असा आणखी एक अर्धवट क्लास असू शकतो आणि त्यात काही गैर नाही. पण तुम्ही ‘शेतमाल’चा किंवा एखादी जागा विसरलेल्या ‘सोयाबीन’चा ऑब्जेक्ट बनवायला गेलात, की तिथल्या तिथे ‘टाइपएरर’ येतो आणि राहिलेल्या मेथडचं नावही संदेशात छापून येतं. हिशोब सुरूच होत नाही. पट्टी काढताना, समोर शेतकरी उभा असताना चूक उघडी पडण्यापेक्षा ती पहिल्याच पायरीवर सापडलेली बरी. सी प्लस प्लस आणि जावामध्ये तर ती त्याहून आधी, कंपाइल करतानाच पकडली जाते.

पायथन ३ मध्ये क्लासचं आणि मेथडचं नाव देवनागरीत चालतं. ‘शेतमाल’, ‘सोयाबीन’, ‘ओलावा_मर्यादा’ ही नावं जशीच्या तशी लिहा, प्रोग्रॅम चालेल. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात. मग एररच्या संदेशातही तुम्ही विसरलेल्या जागेचं नाव मराठीतच येतं.

रिकाम्या जागा भरण्याचा मोबदलाही मिळतो. पायथनसोबत येणारा ‘सीक्वेन्स’ नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास घ्या. तो तुमच्याकडून दोनच गोष्टी मागतो : अमक्या क्रमांकाचा घटक द्या आणि एकूण घटक किती ते सांगा. एवढं केलंत, की पाच कामं आयती मिळतात : ओळीनं फिरणं, उलटं फिरणं, एखादा घटक आहे की नाही ते सांगणं, तो कितव्या जागी आहे ते शोधणं आणि किती वेळा आला ते मोजणं. ही पाचही कामं त्या दोन कोऱ्या जागांच्या भरवशावर आधीच लिहून ठेवलेली आहेत. आपल्या खरेदीच्या मेथडचंच हे भावंड.

हळदीनं घातलेलं कोडं

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की हा रामबाण आहे. तसं नाही, आणि ते दाखवायला नांदेड भागातलंच एक पीक पुरेसं आहे.

आपल्या प्रोग्रॅममध्ये हळद घालू. नांदेड, हिंगोली, वसमतकडचा हा मोठा माल. क्लास लिहिला : ओलावा_मर्यादा भरली, प्रत भरली. आता तिसरी जागा, हमीभाव. केंद्र सरकार ज्या २२ पिकांचे हमीभाव ठरवतं, त्या यादीत हळद नाही. मग त्या मेथडमध्ये लिहायचं काय? शून्य लिहिलं तर २० क्विंटल हळदीची पट्टी शून्य रुपयांची निघेल. काहीच लिहिलं नाही तर ऑब्जेक्ट बनणार नाही. गप्प बसवायला एखादा खोटा आकडा टाकला तर पहारा फसेल, पण हिशोब बुडेल.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली अशी, की ॲब्स्ट्रॅक्ट क्लासचा पहारा फक्त हजेरी घेतो. नावाची मेथड आहे ना? आहे. मग सोडा आत. ती मेथड ओलाव्याची मर्यादा २०० टक्के सांगत असली तरी पहारेकऱ्याला त्याचं काही नाही. उपक्लासनं बेस क्लासचा शब्द अर्थानंही पाळला पाहिजे, बेस क्लासच्या जागी त्याला उभा केला तर कुणाचं काही बिघडता कामा नये, हा आग्रह अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मधल्या एका भाषणात मांडला. पुढे ते तत्त्व त्यांच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. २००८ सालचं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. हे तत्त्व पाळलं जातंय की नाही हे कोणताही कंपायलर पुरतं तपासू शकत नाही. ती जबाबदारी माणसाची, आणि तिच्यासाठी चाचण्या लिहाव्या लागतात.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. उपक्लासला खोटं बोलावं लागत असेल, तर दोष उपक्लासचा नसतो. बेस क्लासनं नको ते मागितलेलं असतं. ‘प्रत्येक शेतमालाला हमीभाव असतो’ हे आपण सोयाबीन आणि तूर बघून ठरवलं होतं. हळदीनं ते खोटं पाडलं. उपाय असा : शेतमाल या क्लासनं फक्त खऱ्या अर्थानं सामाईक असेल तेवढंच मागावं, म्हणजे ओलावा आणि प्रत. त्याच्यापासून ‘हमीभावाचा शेतमाल’ असा दुसरा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास काढावा, हमीभावाची रिकामी जागा आणि सरकारी खरेदीची मेथड तिकडे न्यावी. सोयाबीन, तूर, हरभरा त्याखाली येतील. हळद थेट शेतमालाखाली राहील आणि तिचा दर सौद्यात ठरेल. आता कुणालाच खोटं बोलावं लागत नाही.

म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर ॲब्स्ट्रॅक्ट क्लासपासून सुरुवात करत नाहीत. आधी दोन-तीन खरे क्लास लिहितात, ते शेजारी ठेवून खरोखर सारखं काय आहे ते बघतात, मग तेवढंच वर उचलतात. एकच उपक्लास असलेला ॲब्स्ट्रॅक्ट क्लास हा बहुतेक वेळा नुसता अंदाज असतो, आणि चार-पाच पिढ्यांची उतरंड रचली तर कोणती मेथड कुठून आली हे शोधण्यातच दिवस जातो. एखाद्या क्लासच्या मेथडमध्ये ‘लागू नाही’ असं लिहायची वेळ आली, की थांबून वरचा क्लास तपासावा.

परीक्षेत फरकाचे रकाने लिहा, त्याचे गुण मिळतातच. पण एकदा हेही करून बघा. पायथन फुकट मिळते. मोंढ्यात जाऊन सकाळचा एक सौदा गेटपासून पट्टीपर्यंत नीट बघा आणि घरी येऊन शेतमालाचा क्लास लिहा, नावं मराठीत द्या. सोयाबीन आणि तूर सहज बसतील. मग हळद घ्या, नंतर गूळ घ्या. ज्या क्षणी एखादी जागा काय भरावी हे सुचेनासं होईल, तिथं रकान्यांत नसलेला धडा सुरू होतो : कुठली जागा रिकामी ठेवायची, हे ठरवणं हाच या विद्येतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचा भाग आहे.